मिसळ नको माका

पहिला पाऊस जमिनीत मुरला की कुडाळ-सावंतवाडीकडच्या रोपवाटिकांसमोर पिकअप गाड्यांची रांग लागते. हिरव्या जाळीखालचा कोंदट उकाडा, शेणखताचा ओला वास, काळ्या पिशव्यांत दाटीने उभी असलेली काजूची कलमं आणि ओळींच्या टोकाला पाट्यांवर वाणांचे आकडे : चार, सात, आठ. अशाच एका रोपवाटिकेत दोनेकशे कलमं न्यायला आलेल्या माणसाला तिथला गडी म्हणत होता, "धा-पंधरा आठ नंबरची पण न्हेवा, चारची पण आसत." त्या माणसाने मान हलवली. "नको. सगळी सातच द्येवा. मिसळ नको माका." गड्याने सातच्या ओळीतून पिशव्या उचलायला सुरुवात केली. भांडण नाही, चर्चा नाही. गाडी भरली आणि गेली. पण काजूच्या झाडाबद्दल थोडंफार ठाऊक असणाऱ्याच्या डोक्यात ते "मिसळ नको" घर करून राहावं, असंच होतं.

त्याचं म्हणणं व्यवहाराला धरून होतं, हे आधी कबूल करायला हवं. वेंगुर्ला-७ ची बी सरासरी दहा ग्रॅमची. शंभर बिया झाल्या की किलो. गावठी झाडाखाली तोच किलो भरायला दोनशे-अडीचशे वेळा वाकावं लागतं, आणि वेचणारीची मजुरी दिवसावर असते, बियांच्या संख्येवर नाही. गराचं प्रमाण साडेतीस टक्के. गर इतका मोठा की एका पौंडात १८० च्या आतच गर बसतात, म्हणून तो बाजारातल्या डब्ल्यू १८० या वरच्या प्रतीत जातो. वेंगुर्ला-१ ची बी ६.२ ग्रॅमची, तिचा गर डब्ल्यू २४० मध्ये. कारखान्यातही एकसारखा माल हवा असतो. बी फोडणाऱ्या यंत्राचं पातं एका आकारासाठी लावलेलं असतं; त्यात लहानमोठं मिसळलं की लहान बी न फुटता निसटते, मोठीचा गर चिरतो, आणि अख्ख्या गराचा भाव तुकड्यावर येतो. तेव्हा सातच मागणारा माणूस अडाणी नव्हता. उलट त्याने सगळा हिशेब केला होता. फक्त त्या हिशेबात एक रकाना नव्हता, आणि तो रकाना रोपवाटिकेच्या पावतीवर कधीच नसतो : या झाडांचे आईबाप कोण.

ते बघायचं तर वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राकडे जावं लागतं. तिथला १९७४ चा पहिला वाण, वेंगुर्ला-१, म्हणजे तालुक्यातल्याच आणसूर गावच्या झाडाची निवड, आणसूर-१. त्याच तालुक्यातल्या वेतोरे गावचं दुसरं एक झाड वेतोरे-५६ या नावाने नोंदलं गेलं. ही दोन्ही झाडं कुणी घडवलेली नव्हती. उतारावर बी पडलं, रुजलं, आणि शेजारच्या शंभर झाडांपेक्षा बरं निघालं, एवढंच. पुढे आणसूर-१ आणि वेतोरे-५६ यांच्या संकरातून वेंगुर्ला-३ आला. तीच जोडी उलट धरून, म्हणजे वेतोरे-५६ आई आणि आणसूर-१ बाप, वेंगुर्ला-६ आला. मिदनापूर रेड या बंगालकडच्या झाडावर वेतोरे-५६ चे पराग टाकून १९८१ मध्ये वेंगुर्ला-४ मिळाला. तामिळनाडूतल्या वृद्धाचलमची एम १०/४ ही निवड बाप म्हणून आणली. तिचा वेंगुर्ला-३ शी संकर तो १९९७ चा वेंगुर्ला-७, आणि वेंगुर्ला-४ शी संकर तो वेंगुर्ला-८. आता नाती जुळवून पाहा. सात आणि आठ यांचा बाप एक. त्यांच्या आया, तीन आणि चार, या एकाच बापाच्या सावत्र बहिणी. आणि तो बाप वेतोरे-५६. म्हणजे दोघांचा आजोबाही एकच.

म्हणजे सातला आठची सोबत दिली असती, तरी ती सावत्र भावाचीच झाली असती.

या घराबाहेरचे वाण आहेत. वेंगुर्ला-२ हा पश्चिम बंगालच्या बियाण्यातून निवडलेला. वेंगुर्ला-५ हा आणसूर अर्ली आणि मैसूर कोटेकर यांचा. पण पाचची बी साडेचार ग्रॅमची, म्हणून तो विचारत कुणी येत नाही. यात संशोधकांना दोष देण्यासारखं काही नाही. चांगल्याचा चांगल्याशी संकर करणं हेच त्यांचं काम, आणि चार नि सातने कोकणातल्या कितीतरी घरांवर कौलं जाऊन स्लॅब चढवले आहेत. वाणांचं हे घर लहान होतं ते लागवडीत. संशोधन केंद्राच्या आवारात नऊपर्यंत आकडे असतात, डोंगरावर पोचेपर्यंत त्यातला एखाददुसराच उरतो.

बागेत एकच वाण असला तर काय बिघडतं, हे फुलात बघितल्याशिवाय कळत नाही. जानेवारीच्या सकाळी मोहोरलेल्या काजूखाली उभं राहिलं तर आधी वास येतो, गोडसर, थोडा जड. तुऱ्यात शेकडो फुलं असतात. उमलताना पांढुरकी, मग त्यांच्यावर गुलाबी रेघा चढतात. त्यातली बहुतेक नर. फळ धरू शकणारी पूर्ण फुलं थोडी, आणि ती किती थोडी हे प्रत्येक झाडाचं वेगळं. फुलात एकच पुंकेसर लांब असतो, परागाचा मुख्य साठा त्याच्याकडे. बाकीचे आखूड आणि फारसे कामाचे नाहीत. पूर्ण फुलात स्त्रीकेसराचा दांडा या लांब पुंकेसराच्याही वर निघालेला असतो, त्यामुळे स्वतःचा पराग स्वतःच्या टोकावर सहजी पडत नाही. पराग चिकट, वाऱ्याने उडत नाही. माशा, मधमाश्या, मुंग्या यांच्या पायांवर सगळा कारभार. झाडाची ही सगळी मांडणी दुसऱ्याचा पराग मिळावा म्हणून आहे. स्वतःच्या परागावर बी धरत नाही असं नाही. पण तसं धरलेलं कोवळं असतानाच जास्त गळतं, आणि त्या बीपासून झालेलं रोप बहुधा अशक्त निघतं. आता सात नंबरची दोनशे कलमं म्हणजे दोनशे झाडं दिसतात, पण रक्ताने ते एकच झाड दोनशे ठिकाणी उभं आहे. माशी या टोकाकडून त्या टोकाला गेली तरी ती झाडाला झाडाचाच पराग देते.

तरीही सातच्या बागा पिकतात. का? तर बांधापलीकडे कुणाची तरी गावठी झाडं असतात म्हणून. परागाचं काम ती फुकट करत असतात, आणि फुकटच्या कामाची नोंद होत नाही. शेजाऱ्यानेही यंदा जेसीबी लावून उतार साफ केला आणि सातच लावली, की पाच-सहा वर्षांनी दोन्ही बागांत मोहोर भरघोस आणि बी विरळ अशी तक्रार सुरू होते. मग फवारणीवाला बोलावला जातो.

गावठी काजूचा उतार ज्याने मार्च-एप्रिलमध्ये बघितलाय त्याला विविधता शिकवावी लागत नाही. एका झाडाचे बोंडू गोल, भडक तांबडे. पुढच्याचे लांबट, पिवळे. तिसऱ्याचे नारिंगी, एवढेसे, पण एक चोखला तर हनुवटीवरून रस ओघळतो. कुणाचा बोंडू खाल्ला की घसा खवखवतो, कुणाचा साखरेसारखा. बी तीन ग्रॅमपासून आठपर्यंत काहीही. एखादं झाड डिसेंबरातच मोहोर संपवून बसलेलं, एखाद्याला फेब्रुवारी अर्धा सरला तरी घाई नाही. मात्र याचं कौतुक करताना दुसरी बाजू झाकू नये : यातली बहुतेक झाडं खरोखरच भाकड. दोन-तीन किलो बी देणारी, उंच वाढलेली, सगळा मोहोर शेंड्याला. गावठीचं मोल प्रत्येक झाडात नसतं. ते त्या गर्दीत असतं, आणि गर्दीतून एखादं वेतोरे-५६ निघतं तेव्हाच दिसतं.

ही गर्दी तरी कितीशी मोठी? काजू आपल्याकडे आला तो पोर्तुगीज जहाजांतून, सोळाव्या शतकात. १५७८ साली क्रिस्टोव्हाव द कोस्टाने या फळाबद्दल लिहिलं, तेव्हा ते सगळीकडे होत नाही, कोचीनच्या सांताक्रूझमधल्या बागांत आहे, असं त्याने नोंदवलंय. ब्राझीलच्या किनाऱ्यावरून बिया निघाल्या. ज्या झाडांखाली खलाशांनी त्या वेचल्या, तेवढ्याच झाडांचा वारसा जहाजात चढला. नंतरही खेपा झाल्या असतील, गोव्यात, मलबारात, कोरोमंडलवर. पण आपल्या उतारांवर जे रंग-आकार दिसतात ते त्याच आलेल्या पत्त्यांच्या पुनःपुन्हा पिसण्यातून. पिसून डाव दरवेळी नवा पडतो, जोडात नसलेलं पान मात्र पडत नाही.

जोडातली उरलेली पानं तिकडे आहेत. ब्राझीलमध्ये काजूच दोन तऱ्हांचा आढळतो : किनाऱ्यालगतच्या वाळूत झुडपांतून वाढणारा, आणि आतल्या सेराडोच्या माळरानावरचा. लागवडीखालचा काजू किनाऱ्याच्या तऱ्हेला जवळचा. म्हणजे माळावरच्या, आगीशी आणि लांबलचक कोरड्या ऋतूशी झगडणाऱ्या काजूचा वाटा आपल्या झाडांत फारसा नसावा, असं मानायला जागा आहे. त्याच्याही पलीकडे त्याची भावंडं. या प्रजातीत दहा ते वीस जाती मोजतात. सेराडोतला अॅनाकार्डियम ह्युमिले हे गुडघ्या-कमरेएवढं झुडूप. त्याचं खोड जमिनीखाली असतं. वणवा वरून निघून जातो, पाऊस पडला की खालून फुटवे येतात, आणि त्यांना लहानसे, आंबटगोड बोंडू लागतात. अॅमेझॉनमधला जिगँटियम याच्या अगदी उलट, जंगलाचं छत गाठणारा वृक्ष. मध्य अमेरिकेकडचा एक्सेल्सम नदीकाठी आकाशाला भिडतो, पण त्याच्या बीखालचा देठ फुगतच नाही. काजू आहे, बोंडू नाही. आपल्याकडे या प्रजातीचं रानटी कुणी नाही. जवळात जवळ म्हणावा असा बिब्बा : तोच फुगलेला पिवळा देठ, तोच अंगावर उठणारा चीक, आतली तीच चविष्ट गोडंबी. पण कूळ एक असलं तरी प्रजात वेगळी. काजूला बिब्ब्याचा पराग चालायचा नाही.

रानटी भावंडांचा उपयोग सांगताना लोक घाई करतात. जणू ह्युमिलेचा पराग टाकला की ठेंगणा, दुष्काळाला न डरणारा काजू तयार. तसं नसतं. संकर मुळात धरतो का, धरला तर पोर पुढे बी देतं का, हे एकेक जोडी घेऊन बघावं लागतं. पहिल्या पिढीत हव्या त्या गुणाबरोबर नको ते सगळं येतं. बी बारीक, टरफल जाड. मग ती पोरं पुन्हा लागवडीच्या काजूकडे वळवायची, दोन-तीन पिढ्या. बीपासूनचं झाड फळावर यायला तीन-चार वर्षं, त्याची पारख व्हायला आणखी पाच-सहा. वेंगुर्ला-३ प्रसारित झाला १९८१ मध्ये, त्याचं पोर सात १९९७ मध्ये. सोळा वर्षं, आणि तो तर लागवडीच्या काजूतल्या काजूतला संकर. म्हणून रानटी झाड गरज पडेल तेव्हा आणू असं म्हणता येत नाही. गरज पडते तेव्हा वीस वर्षं उशीर झालेला असतो. तिकडे सेराडोचा निम्म्याच्या आसपास भाग सोयाबीन आणि कुरणांखाली गेला आहे, आणि जमिनीखाली खोड असलेलं झुडूप वणव्याला पुरून उरतं, नांगराला नाही.

ब्राझीलचे लोकही आपल्याच वाटेने गेले. सेआरा राज्यातल्या पाकाजुसच्या केंद्रावर ठेंगण्या काजूतून निवडलेला सीसीपी ७६ हा क्लोन १९८३ मध्ये बाहेर पडला. लवकर फळणारं झाड, बोंडू देखणा. तो ताजा खायला दुकानात विकला जातो. लोकांनी उचलून धरला. त्याला खुंट म्हणून, म्हणजे कलमाखालचं मुळांचं रोप म्हणून, शक्यतो सीसीपी ०६ च्या बियांची रोपं वापरतात. म्हणजे वरही ठरलेला, खालीही जवळजवळ ठरलेला. टांझानियाची गोष्ट निराळी आणि जास्त बोचरी. तिथे सगळी बीपासूनची झाडं होती, कलमं नव्हती. १९७३-७४ साली १,४५,००० टनांच्या घरात असलेलं उत्पादन १९८६-८७ मध्ये १७,००० टनांच्याही खाली आलं. गावांची सक्तीची फेरमांडणी आणि पडलेले भाव ही त्यामागची कारणं होतीच, पण १९७९ मध्ये नोंदलेल्या भुरी या बुरशीने कोवळा मोहोर पांढऱ्या पिठाने माखून कंबर मोडली. नुसती बीपासूनची गर्दी वाचवते, हा भोळसटपणा तिथे टिकला नाही. कारण ती गर्दीही मोजक्याच पोर्तुगीज बियांची. पण गंधक धुरळून तग धरत असताना दक्षिणेतल्या नालिएंडेले केंद्राने, भुरी कमी घेणारी झाडं कुठून शोधली? त्याच गर्दीतून. नवी कलमं त्यांचीच झाली.

आपल्याकडे भुरीच्या जागी ढेकण्या आहे. टी मॉस्किटो म्हणतात तो. तांबूस-काळा, डासासारखा लांब पायांचा, पाठीवर टाचणीसारखा उभा काटा. कोवळ्या पालवीत, तुऱ्याच्या दांड्यात, मुगाएवढ्या बीत सोंड खुपसतो. जिथे खुपसतो तिथे काळपट डाग पडतो, चिकाचा थेंब येतो आणि तुरा आगीने होरपळल्यासारखा वाळतो. म्हणून पालवी, मोहोर आणि फळधारणा अशा तीन वेळी फवारणी सांगतात. ढेकण्याला मात्र कोवळा कोंब लागतो. सगळी बाग एका वाणाची असली की सगळे कोंब एका आठवड्यात कोवळे होतात. गावठी उतारावर तसं जमत नाही; कुणाचा मोहोर आधीच जून झालेला, कुणाचा अजून यायचा. पुत्तूरच्या काजू संशोधन संस्थेने दिलेला भास्कर हा वाण इथे आठवतो. मूळचा गोवा ११/६, म्हणजे गोव्यातून उचललेलं झाड. त्याच्या मोहोराची वेळ अशी काही पडते की ढेकण्याच्या भरातून तो बराचसा निसटतो. त्याच्या अंगात विष नाही, साल जाड नाही. तारीख जुळत नाही, एवढंच त्याचं बळ. अवकाळी पावसालाही हेच लागू. एका रात्रीचा पाऊस आणि मागोमागचं मळभ एकाच अवस्थेतला सगळा मोहोर काळा करतं. तीन वेळांचा मोहोर असेल तर एकच वेळ जाते.

पुत्तूरला देशाचा काजूचा संग्रह आहे, पाचशेहून अधिक नमुन्यांचा. तो फ्रिजमधल्या डब्यांत नाही, जमिनीवर झाडांच्या रूपात आहे. भात-ज्वारीचं बी थंडीत ठेवता येतं, पेरलं की तेच येतं. काजूचं बी पेरलं की आईसारखं येईलच असं नाही. गुण जपायचा तर फांदीच जपावी लागते, म्हणजे कलम करून झाड वाढवायचं आणि वाढवत राहायचं. जागा लागते, खत लागतं, माणूस लागतो. आणि रोठा, म्हणजे खोडकिडा, लागतो तो वेगळाच. खोडकिड्याची मादी जमिनीलगतच्या सालीच्या भेगांत अंडी घालते, अळी सालीखालचा जिवंत थर गोल पोखरते. बुंध्याशी भुसा आणि डिंक दिसेपर्यंत वर पानं पिवळी पडायला लागलेली असतात. संग्रहात एका नमुन्याची चारच झाडं असली आणि दोन रोठ्याने नेली, तर त्या नमुन्याचं आयुष्य उरलेल्या दोनांवर.

आता या सगळ्यात एक जागा अशी आहे, जिकडे कुणी बघत नाही. ती प्रत्येक कलमाच्या गाठीखाली आहे.

मृदकाष्ठ कलम कसं होतं ते बघितलं की कळतं. खुंटासाठी मध्यम, पाच-सात ग्रॅमची भरीव बी घेतात. पाण्यात टाकून तरंगेल ती काढून टाकायची, बुडेल ती रात्रभर भिजवायची. २५ बाय १५ सेंटिमीटरच्या पिशवीत माती, वाळू, शेणखत समभाग. बी देठाची बाजू वर करून इंचभर खोल. पंधरा-वीस दिवसांत रुजते. दीड-दोन महिन्यांचं, एकाच सरळ खोडाचं रोप झालं की खालच्या दोन पानांच्या जोड्या ठेवून वर छाटतात आणि खोडाच्या मधोमध सहा-सात सेंटिमीटरची खाच देतात. डोळकाडी, म्हणजे वर बसवायची फांदी, मातृवृक्षाची : न मोहोरलेली, पेन्सिलीएवढी, दहा-बारा सेंटिमीटर. झाडावर असतानाच आठवडाभर आधी तिची पानं देठ ठेवून कापायची, म्हणजे देठ गळेपर्यंत शेंड्याचा डोळा फुगतो. तिला दोन्हीकडून पाचरीसारखा काप, पाचर खाचेत, किमान एका बाजूला तरी साल सालीला भिडलेली, वर प्लॅस्टिकची पट्टी घट्ट, शेंड्यावर ओलावा धरायला टोपी. दहा-पंधरा दिवसांनी टोपी काढायची, तीन-चार आठवड्यांत फुटवा. बिघडतं ते बहुतेक तीन ठिकाणी : काडी खुंटापेक्षा जाड घेतली, डोळा झोपलेला असताना कापली, किंवा पट्टीत पाणी शिरलं. शेतात लावताना जोड जमिनीच्या वर राहिला पाहिजे, पट्टी सोडवली पाहिजे, आणि जोडाखालून येणारं प्रत्येक फूट खुडलं पाहिजे. नाहीतर दोन वर्षांत खुंटच झाड होऊन बसतो.

या सगळ्या काळजीत काडीची जात पक्की ठरलेली असते. आणि खुंटाची? बी बहुधा कुणाकडून तरी पोत्याने आलेली असते. दोनशे सातच्या खाली दोनशे वेगवेगळी मुळं. वर एकच झाड, खाली अख्खा गाव. जांभ्या दगडाच्या चिरेतून पाणी कोण शोधणार, कोण उन्हाळ्यात माना टाकणार, हे बरंचसं खाली ठरतं. एकाच वयाच्या, एकाच खताच्या बागेत एखादं कलम का रोडावतं याचं उत्तर पुष्कळदा तिथे असतं, पण वही निघते ती वरच्या नावाची. आणि आता ही गर्दीही निघून चालली आहे. गावठी झाडं तुटली की पोत्यात बी कुणाची? सातचीच, सातच्याच परागावर धरलेली. असं बी खुंटाला घेणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही. रोपवाटिकेने बी कुठल्या उतारावरची हे पिशवीवर लिहायला सुरुवात केली, तर त्याचा खर्च एका मार्करचा आहे.

उतार साफ करायचाच असेल, आणि करणारे करणारच, तर कुऱ्हाडीआधी दोन मोसम वही ठेवावी. झाडांना रंगाचे पट्टे मारून आकडे द्यावेत. पहिला तुरा कधी, निम्मा मोहोर कधी, ढेकण्याने किती तुरे जाळले. एका तुऱ्याला किती बिया टिकल्या. एकदोन नव्हे, चारी बाजूंचे वीसेक तुरे मोजावेत. मोसमभराची एकूण बी तोलावी. त्यातल्या शंभर बिया दोन-तीन दिवस उन्हात वाळवून वजन करावं, पाण्यात तरंगणाऱ्या मोजाव्यात, मग फोडून गराचं वजन घ्यावं. अठ्ठावीस टक्क्यांच्या खाली असेल तर झाड कितीही लगडलेलं असो, फार मोह धरू नये. फसवणारी झाडं ठरलेली असतात : गोठ्याच्या कडेचं, बांधावर एकटं ऊन खाणारं, ओढ्यालगतचं. त्यांचं पीक जागेचं असतं, जातीचं नव्हे. म्हणून मनात भरलेल्या झाडाची चार-पाच कलमं करून ती सातच्या शेजारी, सातच्याच मातीत लावायची, आणि दोघांना चार मोसम सारखंच खत घालून बघायचं. पन्नासातली अठ्ठेचाळीस झाडं या परीक्षेत नापास होतील. उरलेल्या दोनांतलं एक बी लहान देईल पण फेब्रुवारीत मोहोरेल, आणि बागेला परागासाठी तेच हवं असतं. पाच-सहा ओळींमागे त्याची एक ओळ पुरे. तिची बी वेगळी वेचून वेगळ्या पोत्यात भरली की कारखान्याचीही तक्रार नाही.

पाच ते वीस वर्षांची निरोगी झाडं तर मुळासकट काढायचंही कारण नाही. पावसाळा सरल्यावर, नोव्हेंबरपासून पुढे, खोड जमिनीपासून पाऊण-एक मीटरवर करवतीने कापायचं. कुऱ्हाडीने नको, लाकूड चिरतं आणि चिरेत पाणी साचतं. कापलेल्या तोंडाला लगेच बुरशीनाशक आणि कीटकनाशकाचा लेप. महिना-दीड महिन्यात धुमारे येतात. त्यातले जोमदार, चोहीकडे विखुरलेले दहा-पंधरा ठेवून बाकीचे काढायचे आणि ठेवलेल्यांवर सातची काडी बांधायची. जुनी मुळं तयारच असल्याने दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बी हातात येते. यात एक धुमारा मुद्दाम गावठीच ठेवता येतो, त्याच झाडाचा, परागापुरता. तो कलमांपेक्षा जोरात पळतो, म्हणून दर पावसाळ्याआधी अर्ध्यावर छाटावा लागतो, आणि कुठला तो विसरू नये म्हणून त्याला रंगाचा पट्टा. छाटलेल्या बुंध्यांवर रोठा हमखास येतो. पहिली दोन वर्षं दर महिन्याला बुंध्याची माती हाताने बाजूला करून भुसा दिसतो का ते बघायचं, दिसला तर पटाशीने साल उचलून अळी काढायची. फवारणीवाल्याची वाट बघत बसलं तर झाड जातं.